ध्रुवांचं चित्र आपल्या मनात कुठल्या पुस्तकांनी काढलं?

कावेरी_कासारवडवली

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मुलांचा वाचनकट्टा भरतो. चौथी ते आठवीची मुलं येतात. पुढच्या महिन्याचा विषय त्यांनीच निवडला: उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव. काहीही वाचण्याआधी मी त्यांना मनात येईल ते चित्र काढायला सांगितलं. बहुतेक सगळ्या कागदांवर इग्लू, पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच बर्फावर शेजारी शेजारी, आणि मध्ये झेंडा रोवणारा दाढीवाला माणूस. बाई एकाही चित्रात नाही. शाळा नाही, दुकान नाही, रस्ता नाही. आकाशाला रंगसुद्धा नाही.

मुलांचा यात काही दोष नाही. हिमालय, राजस्थान, कोकण यांबद्दल घरातलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं आणि पुस्तकात लिहिलेलं खोडून काढतं. ध्रुवांबद्दल खोडून काढणारं घरात कुणी नसतं. जे वाचलं, तेच खरं. आणि जे वाचलं ते लिहिलं कुणी? एक-दोन हिवाळे काढून परत गेलेल्या माणसांनी, नाहीतर कधीच न गेलेल्या माणसांनी. त्यामुळे ध्रुव म्हणजे रिकामी जागा आणि मर्दुमकीची परीक्षा, हे आपल्या मनात पक्कं बसलंय असं माझं मत आहे. याचे परिणाम पुस्तकापुरते राहत नाहीत. जागा रिकामी आहे असं एकदा ठरलं की तिचं काय करायचं हे ठरवताना तिथल्या माणसांना कुणी विचारत नाही.

तर दोन प्रश्न. तुमच्या मनातला ध्रुव कुठल्या पुस्तकाने घडवला? आणि कट्ट्यावर मी काय ठेवू, काय सांगू? मराठी पुस्तकं असतील तर फारच छान.

नौपाड्याचा_नाना

माझं उत्तर तयार आहे: भा. रा. भागवत. त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला म्हणून आमच्या पिढीच्या मुलांनी घरबसल्या समुद्र पालथे घातले. कॅप्टन नेमो पाणबुडीतून थेट दक्षिण ध्रुवावर जातो आणि आपला काळा झेंडा रोवतो, ती जागा मी कितीदा वाचली असेन. मूळ कादंबरी १८७० च्या सुमाराची. माणूस प्रत्यक्ष तिथे पोचला १४ डिसेंबर १९११ ला. म्हणजे व्हर्नच्या वाचकांनी चाळीस वर्षं आधीच झेंडा रोवून घेतला होता! तुमच्या मुलांच्या चित्रातला झेंडा तिथूनच आला असणार, कावेरीताई. मला त्यात वाईट काही दिसत नाही. पोरांनी झेंडे रोवावेत.

पानोपानी

नाना, व्हर्नची कॅप्टन हॅटेरासची कादंबरी उत्तर ध्रुवावरची आहे. तिच्यात बर्फाच्या पलीकडे मोकळा समुद्र आहे आणि बरोबर ध्रुवावर ज्वालामुखी. ज्वालामुखी त्याच्या कल्पनेतला, पण मोकळा समुद्र नव्हे. ऑगस्ट पेटरमान यांच्यासारखे नावाजलेले जर्मन भूगोलतज्ज्ञ तेव्हा गंभीरपणे मांडत होते की बर्फाचं कडं ओलांडलं की पुढे जहाज चालवता येईल.

त्या भरवशावर १८७९ मध्ये अमेरिकेचं जॅनेट जहाज निघालं. ते बर्फात अडकलं आणि १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला चिरडून बुडालं. ३३ पैकी २० माणसं गेली. १८८४ मध्ये त्याच जहाजाचं सामान पार ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडलं. इतक्या लांब ते आलं कसं? बर्फच सरकत असणार, हा तर्क नॉर्वेच्या नान्सेन या संशोधकाने उचलला आणि मुद्दाम बर्फात अडकून वाहत जाईल असं फ्राम जहाज बांधून घेतलं. १८९३ ते १८९६ ते वाहत राहिलं, आणि तिथे जमीन नसून खोल महासागर आहे हे जगाला कळलं.

एका चुकीच्या चित्रापायी वीस माणसं गेली, आणि बरोबर चित्रही त्याच अपघातातून हाती आलं. मुलांना ही साखळी सांगाच. कुठल्याही कादंबरीपेक्षा ती थरारक आहे.

अमर_कळवा

मे महिन्यात लोकल चुकवून कळवा फलाटावर उभा राहून हा धागा वाचतोय. एसी लोकलचं तिकीट वाचलं. लिहीत राहा मंडळी.

शुभदा_नेरुळ

आमच्या घरात उत्तर ध्रुव आला तो लोकमान्यांमुळे. 'आर्क्टिक होम इन द वेदाज' १९०३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालं. आजोबा त्यातले दाखले द्यायचे. ऋग्वेदातली उषा एक नाही, अनेक उषा एकामागून एक येतात. पहाटेची पहिली रेघ आणि सूर्योदय यांत कित्येक दिवस जातात. देवांचा एक दिवस आणि एक रात्र म्हणजे माणसांचं एक वर्ष. ही वर्णनं आपल्याकडच्या पहाटेला लागू पडत नाहीत, ध्रुवाजवळच्या पहाटेला पडतात, म्हणून वेद रचणाऱ्यांच्या पूर्वजांचं घर तिकडे असलं पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद.

कावेरी, तू म्हणतेस की ध्रुव आपल्या मनात रिकामी जागा आहे. आजोबांच्या मनात ती रिकामी नव्हती. ते घर होतं, आणि तिथे क्षितिजावरून गोल फिरणारी केशरी पहाट होती. हे चित्र युरोपातल्या दर्यावर्दी पुस्तकांत मला कुठे भेटलं नाही.

विनय_वाशी

शुभदाताई, टिळकांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे, पण मुलांसमोर हे सिद्धान्त म्हणून जाऊ नये. भाषाशास्त्र आणि पुरातत्त्व दोन्हींनी ही मांडणी स्वीकारलेली नाही. हिमयुग कधी संपलं याचे जे आकडे तेव्हा त्यांच्यापुढे होते, तेही पुढे बदलले. मानवजातीचं मूळ उत्तर ध्रुवावर होतं असं सांगणारं वॉरेन या अमेरिकन लेखकाचं १८८५ चं पुस्तक त्यांच्यासमोर होतं, आणि त्याचा ते उल्लेखही करतात.

शिवाय कावेरी यांचा मुद्दा इथेही लागू होतोच की. या पुस्तकातल्या ध्रुवावर आपले पूर्वज आहेत. आज तिथे हजारो वर्षांपासून राहणारी इनुइट, सामी, नेनेत्स माणसं त्यात कुठे आहेत?

शुभदा_नेरुळ

विनय, सिद्धान्त म्हणून मीही सांगणार नाही. पण वाचायचं कसं, हे त्या पुस्तकातून नक्की सांगेन. तुरुंगात असताना मॅक्स म्युलरने पाठवलेली ऋग्वेदाची प्रत घेऊन एक माणूस बसतो, आकाशाचं गणित मांडतो, आणि जिथे कधी पाऊल ठेवलं नाही तिथली पहाट कशी दिसत असेल ते बरोबर सांगतो. ध्रुवावरची पहाट खरोखरच कित्येक आठवडे चालते. निष्कर्ष टिकला नाही, पण ती पहाट खरी आहे. मुलांच्या चित्रातल्या पांढऱ्या आकाशाला तेवढा रंग तरी मिळेल.

इनुइटांबद्दलचा तुमचा मुद्दा पूर्ण मान्य.

निवृत्त_भूगोल

मी अनेक वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते. पुस्तकांनी ध्रुवावरच्या माणसांना कसं बाजूला सारलं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे फ्रँकलिनची मोहीम.

१८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडून वाट शोधायला निघाले आणि १२९ माणसं नाहीशी झाली. १८५४ मध्ये डॉ. जॉन रे या स्कॉटिश प्रवाशाला इनुइट लोकांनी सांगितलं की गोरी माणसं उपासमारीने मेली आणि शेवटी शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. पुरावा म्हणून मोहिमेतले चांदीचे चमचेसुद्धा रे यांनी त्यांच्याकडून विकत घेतले. लंडनमध्ये गहजब झाला. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात लेख लिहिले की आपले सभ्य खलाशी असं करणं शक्यच नाही, रानटी लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. पुढे विल्की कॉलिन्सबरोबर त्याने ध्रुवीय मोहिमेवर नाटक उभं केलं, त्यात स्वतः नायक झाला, आणि ते राणी व्हिक्टोरियासमोर झालं. वाचकांनी नाटककाराचं ऐकलं. रे यांची कीर्ती झाकोळली आणि इनुइटांना खोटं ठरवलं गेलं.

१९९० च्या दशकात त्या हाडांवर सुऱ्यांच्या खुणा सापडल्या. २०१४ मध्ये एरेबस जहाज मिळालं, इनुइटांच्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या आठवणींत जो भाग होता त्याच भागात. लुई कामूकाक या इनुइट इतिहासकाराने म्हाताऱ्या माणसांकडून त्या आठवणी गोळा करण्यात जन्म घालवला होता. २०१६ मध्ये टेरर सापडलं तेही एका इनुइट शिकाऱ्याने बर्फातून वर आलेलं डोलकाठीसारखं लाकूड पूर्वी पाहिलं होतं म्हणून. एकशे साठ वर्षं ती माणसं खरं सांगत होती.

कट्ट्यावर एकच गोष्ट सांगायची तर ही सांगा.

येऊरचा_भटक्या

बाई, तुमचा प्रतिसाद वाचून मन भरून आलं. तरी मी साहसकथांची बाजू घेणार, कारण धागा त्यांच्यावर उलटत चाललाय.

मी ट्रेकिंगकडे वळलो तो ॲप्सली चेरी-गॅरार्डच्या 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' मुळे. १९२२ चं पुस्तक. ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या शेवटच्या मोहिमेतले तिघं १९११ च्या ऐन हिवाळ्यात, पूर्ण अंधारात, उणे साठ अंशांपर्यंतच्या थंडीत निघतात. कशासाठी? सम्राट पेंग्विनची अंडी आणायला. अंड्यातला गर्भ पाहून पक्ष्यांच्या उत्क्रांतीबद्दल काही कळेल या आशेने. तीन अंडी हाती लागतात. तिघांतले दोघं, विल्सन आणि बॉवर्स, पुढच्या वर्षी स्कॉटबरोबर परतताना मरतात. उरलेला लंडनच्या संग्रहालयात अंडी द्यायला जातो तर कुणी धड विचारतही नाही. यात मर्दुमकी आहे, पण ती जिज्ञासेच्या पोटी आलेली आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात हे पडलं तर त्याचं भलंच होईल.

आणि साहित्य आपलं चित्र स्वतःच दुरुस्तही करतं. स्कॉट साठ-पासष्ट वर्षं देवासारखा होता. १९७९ मध्ये रोलंड हंटफर्डने पुस्तक लिहून त्याला अकुशल ठरवलं, आणि लोकांनी तेही तितक्याच उत्साहाने उचललं. मग २००१ मध्ये सुझन सॉलोमन या हवामानशास्त्रज्ञ बाईंनी नोंदी तपासून दाखवलं की मार्च १९१२ मधली थंडी तिथल्या मानानेही विलक्षण होती. तीन पुस्तकं, तीन स्कॉट.

निवृत्त_भूगोल

भटक्या, छान लिहिलंत. त्याला एक जोड देते. स्कॉटच्या आधी दक्षिण ध्रुव गाठणारा नॉर्वेचा अमुंडसेन जिंकला याचं कारण तो आधी १९०३ ते १९०५ नेटसिलिक इनुइट लोकांजवळ राहिला आणि केसाळ कातड्यांचे कपडे, कुत्र्यांच्या गाड्या त्यांच्याकडून शिकला. दक्षिण ध्रुवाच्या विजयात उत्तरेकडच्या माणसांचा वाटा आहे. शाळेच्या पुस्तकात मी हे शिकवलं नाही, कारण त्यात ते नव्हतंच.

दगडधोंडे

मी भूविज्ञानवाला, सध्या मुक्काम वर्तकनगर, मूळचा चंद्रपूरचा. स्कॉटची गोष्ट निघाली की त्याचा सोबती ओट्स वादळात तंबूबाहेर कसा चालत गेला ते सगळ्यांना पाठ असतं. त्याच गाडीवर काय होतं ते कुणी सांगत नाही. परतीच्या वाटेवर बिअर्डमोर हिमनदीजवळ त्यांनी सुमारे १६ किलो दगड गोळा केले आणि मरेपर्यंत ओढले. ते प्रेतांबरोबर सापडले. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे होते.

हीच पानं आमच्याकडे वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांबरोबर सापडतात. चंद्रपूर, कामठी या भागांतले खडक उघडले की तीच जिभेच्या आकाराची पानं. म्हणजे अंटार्क्टिका आणि विदर्भ एकेकाळी एकाच भूखंडात होते, आणि त्या भूखंडाला गोंडवन हे नावच आपल्या गोंडांच्या प्रदेशावरून पडलं. अंटार्क्टिकावर जंगल होतं! मराठी मुलाला ध्रुव परका का वाटावा? त्याच्या घरातल्या विजेचा कोळसा ज्या जंगलांचा, तीच जंगलं तिकडे होती.

साहित्याने मरण लक्षात ठेवलं आणि दगड विसरले, ही माझी खरी तक्रार आहे.

कावेरी_कासारवडवली

दगडधोंडे, हे मला अजिबात माहीत नव्हतं! तुमच्याकडे तसं पान उमटलेला खडक आहे का? मुलांना हातात घेऊन बघता येईल?

दगडधोंडे

आहे. आणतो.

खारघर_डोंगर

मुलांना अंटार्क्टिकावर मोहिमा नेणाऱ्या शॅकल्टनची जाहिरात दाखवा. 'धोक्याच्या प्रवासासाठी माणसं हवीत, पगार कमी, कडाक्याची थंडी, परत येण्याची खात्री नाही' वगैरे. प्रत्येक नेतृत्वाच्या कार्यशाळेत दाखवतात.

पानोपानी

खारघर, ती जाहिरात ज्या वृत्तपत्रात आली असं सांगतात त्याचा मूळ अंक आजवर कुणालाही मिळालेला नाही. शोधणाऱ्यांनी बक्षीस लावूनही मिळाला नाही. पुढच्या पुस्तकांनी ती एकमेकांतून उचलली.

शॅकल्टनबद्दल आणखी एक. एंड्युरन्स बर्फाने चिरडलं, तरी त्या जहाजावरची सगळी २८ माणसं वाचली, ही गोष्ट खरी आणि थोर आहे. पण त्याच मोहिमेची दुसरी तुकडी रॉस समुद्राच्या बाजूने त्याच्यासाठी अन्नसाठे रचत होती. त्यांतली तीन माणसं मेली. कथेत ती क्वचितच येतात, कारण 'एकही माणूस गमावला नाही' हे वाक्य सगळ्यांना हवं असतं.

अमर_कळवा

घोडबंदरच्या जॅममधून लिहितोय. एंड्युरन्स जानेवारी १९१५ मध्ये अडकलं आणि नोव्हेंबरात बुडालं असं आत्ताच वाचलं. रिक्षावाल्या दादांना सांगितलं, तेही म्हणाले, मग आपलं बरंच बरं आहे.

मीरा_सीवूड्स

पेंग्विनबद्दल कुणीच कसं बोललं नाही? राणीच्या बागेत २०१६ मध्ये पेंग्विन आले तेव्हापासून मी भाच्यांना घेऊन जाते. काचेसमोर प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतंच, 'बिचारे, बर्फातून आणले'. ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्या मूळ घरी बर्फ नसतो, एका बाजूला वाळवंट असतं. पाटीवर लिहिलेलं आहे, तरी लोक पाटी वाचत नाहीत, कारण लहानपणीच्या पुस्तकाने उत्तर आधीच दिलेलं असतं.

कावेरी, कट्ट्याची सहल तिथेच ने. पेंग्विन आणि पांढरं अस्वल कधी भेटत नाहीत, हेही तिथेच सांग. एक दक्षिणेला, दुसरं उत्तरेला.

दक्षिणायन

माझा मावसभाऊ मैत्री या अंटार्क्टिकावरच्या भारतीय स्टेशनावर एक हिवाळा काढून आलाय. परत आल्यावर ठाण्यातल्या नातेवाइकांनी त्याला दोनच प्रश्न विचारले. पेंग्विन किती पाहिले, आणि इग्लूत झोपायचास का.

मैत्री १९८९ पासून आहे, शिर्माकर ओॲसिस या भागात. तिथे बर्फ नाही, उघडा तपकिरी खडक आहे आणि शंभरावर तळी. स्टेशनाशेजारच्या प्रियदर्शिनी तळ्याचं पाणी प्यायला वापरतात. किनारा जवळजवळ शंभर किलोमीटर लांब, त्यामुळे पेंग्विन क्वचितच फिरकतात. हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. भाऊ म्हणतो, त्याला सर्वांत जास्त आठवतो तो जनरेटरचा आवाज, कारण तो आवाज बंद पडला तर सगळेच जागे होतात. त्याच्या गोष्टींत शास्त्रज्ञांइतकेच मेकॅनिक, आचारी, डॉक्टर आणि वायरलेसवाले असतात. ही माणसं कुठल्या पुस्तकात आहेत? आपल्या पहिल्या मोहिमेची तुकडी ९ जानेवारी १९८२ ला डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली तिथे उतरली. चाळीस वर्षं उलटली, तरी मराठी मुलाच्या चित्रातला माणूस परदेशीच आहे. भाऊला मी सांगतोय, बाबा, लिही.

प्राची_घंटाळी

दक्षिणायन, भावाला आमच्या सगळ्यांकडून आग्रह सांगा.

मुलांच्या चित्रात बाई नाही हे वाचून मी थांबले होते. १९८३ च्या डिसेंबरात आपल्या तिसऱ्या मोहिमेबरोबर दोन शास्त्रज्ञ स्त्रिया गेल्या, सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत. अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय शास्त्रज्ञ स्त्रिया. सेनगुप्तांनी बंगालीत त्यावर पुस्तक लिहिलं. अदिती पंत नागपूरच्या, औंधच्या पंत घराण्यातल्या. त्या समुद्राकडे कशा वळल्या माहीत आहे? ॲलिस्टर हार्डीचं 'द ओपन सी' हे प्लवंगांवरचं पुस्तक वाचून. आणि हा हार्डी १९२५ ते १९२७ डिस्कव्हरी जहाजावर प्राणिशास्त्रज्ञ म्हणून अंटार्क्टिकाकडच्या समुद्रातच काम करत होता.

त्या पुस्तकात झेंडा नाही, मरण नाही, स्पर्धा नाही. समुद्रात तरंगणारे डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. तेवढ्यावर एक मराठी मुलगी अंटार्क्टिकापर्यंत गेली. येऊरच्या भटक्यांना माझं हेच सांगणं आहे. साहसकथा ठेवाच, पण मुलाला ओढून नेणारं पुस्तक ते एकाच प्रकारचं असतं असं समजू नका.

येऊरचा_भटक्या

प्राचीताई, मान्य. हार्डी मिळवून वाचतो.

पानोपानी

प्राचीच्या प्रतिसादावरून आठवलं. टोगो देशातला तेते-मिशेल कपोमासी हा मुलगा नारळाच्या झाडावरून पडला आणि घरच्यांनी त्याला अजगराच्या पंथाचा पुजारी करायचं ठरवलं. त्याच सुमारास पुस्तकांच्या दुकानात त्याला ग्रीनलंडच्या माणसांवरचं पुस्तक मिळालं. साप नाहीत, झाडं नाहीत, असा देश! तो पळाला, वाटेत कामं करत, भाषा शिकत कित्येक वर्षांनी १९६५ मध्ये ग्रीनलंडला पोचला आणि लोकांच्या घरांत राहिला. त्याच्या पुस्तकात दारू आहे, पाहुणचार आहे, भांडणं आहेत, कुत्री आहेत, हसणं आहे. विजय कुठेच नाही. उष्ण देशातल्या माणसाने थंड देशातल्या माणसांबद्दल लिहिलेलं इतकं मोकळं पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही. मराठीत यावं असं मनापासून वाटतं.

आणि मोठ्यांसाठी एक: मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन', १८१८. ती सुरू होते उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या वॉल्टनच्या पत्रांनी. काकांच्या संग्रहातली प्रवासवर्णनं वाचून वाढलेल्या त्या तरुणाची ध्रुव म्हणजे सौंदर्याचा आणि आनंदाचा प्रदेश अशी खात्री आहे. कावेरीने इथे विचारलेला प्रश्न त्या बाईने विशीच्या आत लिहायला घेतला होता.

नौपाड्याचा_नाना

आणि आपले नारळीकर? 'हिमप्रलय' कथेत त्यांनी मुंबईतच बर्फ पाडला! आम्ही ध्रुवावर कशाला जायचं, ध्रुवच आमच्याकडे येतोय म्हणून लहानपणी मी स्वेटर शोधून ठेवला होता.

सायली_तुर्भे

एक वेगळी बाजू. आताच्या मुलांचा ध्रुव साहसकथांतला राहिलेलाच नाही. माझ्या मुलीच्या सगळ्या पुस्तकांत बर्फाच्या तुकड्यावर एकटं उभं राहिलेलं रडवेलं अस्वल आहे. बर्फ वितळतोय हे शंभर टक्के खरं आणि काळजीचं आहे. पण हेही एक ठरलेलं चित्रच झालं. २०१७ मध्ये उपाशी अस्वलाची एक चित्रफीत जगभर फिरली, आणि पुढच्या वर्षी ती छापणाऱ्या मासिकानेच मान्य केलं की त्या एका अस्वलाच्या उपासमारीचं कारण हवामानबदल असं ठामपणे सांगायला नको होतं. आर्क्टिकमध्ये सुमारे ४० लाख माणसं राहतात. मुर्मान्स्कसारखं मोठं शहर आहे. ग्रीनलंडमध्ये मुलं शाळेत जातात, फुटबॉल खेळतात. मुलीने एकदा विचारलं, तिथे सगळे दुःखी असतात का? त्या प्रश्नाने मला अस्वस्थ केलं. शीला वॉट-क्लुटिए या इनुइट कार्यकर्तीचं 'द राइट टू बी कोल्ड' मोठ्या मुलांना थोडं थोडं वाचून दाखवा. बर्फ टिकणं हा आमचा हक्क आहे, आमची संस्कृती थंडीवर उभी आहे, असं ती मांडते. दयेची मागणी त्यात नाही.

निनाद_ऐरोली

मी पक्षी बघतो, पुस्तकं कमी वाचतो. पण सगळे ध्रुव किती दूर आहेत असं लिहिताहेत म्हणून सांगतो. हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलावर भरतीच्या आधी जा. फ्लेमिंगोंकडे सगळे बघतात, त्यांच्या पायांशी चिमणीएवढे करडे पक्षी शेकड्यांनी टिपत असतात. लिटल स्टिंट. त्यांच्यातच किंचित मोठा, खाली वळलेल्या चोचीचा कर्ल्यू सँडपायपर. हे दोन्ही सैबेरियाच्या उत्तर टोकाला, आर्क्टिकच्या टुंड्रात अंडी घालतात. उन्हाळ्यात तिथे फुलं असतात, डास असतात, चोवीस तास ऊन असतं. मग हे वीस ते सत्तर ग्रॅमचे जीव इथे, वाशीच्या पुलाखाली येतात.

आर्क्टिक दर वर्षी आपल्या खाडीत येतं. मुलांना दुर्बीण द्यायची जबाबदारी माझी, पण ते पक्षी आता मे मध्ये नाहीत, परत गेलेत. नोव्हेंबरनंतर ठरवू.

विनय_वाशी

निनाद, अप्रतिम. जोडीला आणखी एक दुवा: गोव्यात वास्को इथे आपली राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था आहे, आणि २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर हिमाद्री हे आपलं स्टेशन. आर्क्टिकमधल्या कारा समुद्रावरचा बर्फ कमी होणं आणि आपल्याकडचा मोसमाच्या शेवटचा अतिवृष्टीचा पाऊस यांचा संबंध तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलाय. सप्टेंबरात नवी मुंबईत पाणी तुंबतं तेव्हा मुलांना हे सांगता येईल.

कावेरी_कासारवडवली

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येते.

पहिल्या रविवारी व्हर्नचा झेंडा आणि जॅनेटचं सामान. नाना, तुमची भागवतांची पुस्तकं द्याल ना? दुसऱ्या रविवारी फ्रँकलिन, पण गोष्ट इनुइटांच्या बाजूने सुरू करेन: आजीने नातवाला सांगितलेली, बुडालेल्या मोठ्या होडीची. डिकन्स नंतर येईल. तिसऱ्यांदा दगड, अदिती पंत, आणि दक्षिणायन यांचा भाऊ तयार असेल तर तो स्वतः. शुभदाताई, उषासूक्ताची पहाट तुम्ही सांगा, मला ते तुमच्यासारखं जमणार नाही. राणीची बाग सुट्टीत. निनाद यांचे पक्षी नोव्हेंबरनंतर. साहसकथा कपाटातच राहतील, शेजारी बाकीची पुस्तकं येतील.

पहिल्या पोस्टमध्ये मी साहसकथांना बरंच बोलले. त्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे, पण कपाटातून काहीही काढणार नाही.

दक्षिणायन

भाऊ तयार आहे. फोटोही आणतो म्हणाला, त्यात प्रियदर्शिनी तळं आहे आणि दिवाळीचा कंदीलही.

नौपाड्याचा_नाना

पुस्तकं देतो, पण पानं दुमडायची नाहीत हे पोरांना आधी सांगा.

निवृत्त_भूगोल

कावेरी, एक राहिलं. भिंतीवरचा सपाट नकाशा त्या दिवसांत उतरवून ठेव. त्यावर अंटार्क्टिका तळाशी लांबलचक पांढरी पट्टी दिसते आणि ग्रीनलंड आफ्रिकेएवढं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. पृथ्वीगोल आण आणि उलटा धरून दाखव, म्हणजे अंटार्क्टिका मध्यभागी येईल आणि सगळे महासागर तिच्याभोवती दिसतील. माझ्याकडे शाळेच्या वेळचा मोठा गोल आहे. कळव्याहून कुणी घेऊन जाणार असेल तर शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे.

अमर_कळवा

मी येतो बाई. पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका.